एका रस्त्याची दोन टोके

महाराष्ट्राच्या किनाऱ्याने जाणाऱ्या एका रस्त्याला झाई-बोर्डी-रेवस-रेड्डी असे चार गावांचे लांबलचक नाव आहे. त्यांतील पहिली दोन गावे आमच्या लहानपणापासूनच्या ओळखीची. झाई तलासरी तालुक्यात, बोर्डी डहाणू तालुक्यात. आणि झाई मागे टाकली की गुजरातचे उंबरगाव हाकेच्या अंतरावर. शेवटचे रेडी वेंगुर्ले तालुक्यात, आणि त्याच्या पलीकडे गोव्याची हद्द. म्हणजे एकाच रस्त्याची दोन्ही टोके परमुलखाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतात. वयाची पन्नाशी उलटून जाईपर्यंत ह्या गोष्टीचा आम्ही कधी विचार केला नव्हता. गेल्या वर्षी तो करण्याचा प्रसंग आला. प्रसंग आमच्या अभिमानाला फारसा पोषक नव्हता. परंतु विषय सार्वजनिक हिताचा असल्यामुळे तो येथे सांगणे आम्हांस उचित वाटते.

झाले ते असे. आमच्या भागातील काही प्रतिष्ठित मंडळी एका संध्याकाळी आमच्याकडे आली. कोणाची चिकूची वाडी होती, कोणाचे समुद्रकाठी उतारूंसाठी बांधलेले घर होते, कोणाचे नुसतेच गावात वजन होते. त्यांच्या मनात एक निवेदन करावयाचे होते. मोटारी वाहून नेणारी फेरीबोट डहाणूच्या खाडीतून निघावी, झाईला तिने एक थांबा घ्यावा, आणि उंबरगाव-नारगोळवरून ती दमणपर्यंत जावी, म्हणजे ह्या साऱ्या किनाऱ्यावर प्रवाशांची रीघ लागेल, अशी त्यांची कल्पना. "सर, तुम्ही कॉलेजात इंग्रजी शिकवता. तिकडच्या सरकारलाही कळेल आणि इकडच्याही, असे झकास काहीतरी लिहून द्या," असे म्हणून त्यांनी आमच्या लेखणीची स्तुती केली. प्राध्यापकाच्या लेखणीची स्तुती केली की त्याच्याकडून काय वाटेल ते लिहवून घेता येते, हे गुपित आमच्या व्यवसायाबाहेरही कसे फुटले कोण जाणे!

आम्ही दोन रात्री बसून चार पानांचे निवेदन तयार केले. पुरावा जमविण्यास श्रम पडले नाहीत. दाभोळ आणि धोपावे ह्यांच्या मधली वाशिष्ठीची खाडी २००३ साली मोटारींच्या फेरीबोटीने जोडली गेली, तोवर दापोलीचा प्रवासी गुहागरला जावयाचे म्हणजे चिपळूणचा मोठा वळसा घेत असे, किंवा बहुधा जातच नसे. लोक ज्याला कौतुकाने 'जंगल जेटी' म्हणतात त्या ह्या नौकेने दापोली आणि गुहागर ही दोन निराळी सहलीची ठिकाणे एकाच सहलीत आणून बसविली. पुढे बाणकोटच्या खाडीवर वेश्वी-बागमांडला, राजपुरीच्या खाडीवर दिघी-आगरदांडा, शास्त्रीच्या मुखाशी जयगड-तवसाळ अशा फेऱ्या सुरू झाल्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसह तासाभरात नेणारी बोट मार्च २०२० मध्ये निघाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर आणि एप्रिल २०२५ मध्ये विरार-जलसार ह्या फेऱ्या चालू झाल्या. नंतरच्या फेरीने तर साठेक किलोमीटरांचा फेरा चुकवून वैतरणेच्या मुखावरून विरारचा मनुष्य पाव तासात सफाळे-केळव्याच्या बाजूस उतरतो. फेरीबोट अशी एकेक खाडी ओलांडीत उत्तरेकडे सरकत आहे, ती आमच्या डहाणूलाच का येऊ नये, असा आमचा बिनतोड सवाल होता.

ह्यापुढे आमच्या लेखणीला खरा जोर चढला तो सरहद्दीच्या परिच्छेदात. त्याचे कारण घरचे होते. आमच्या आत्याबाई उंबरगावास दिलेल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. जी गावे इकडे उरली त्यांतून पुढे तलासरी तालुका उभा राहिला. आत्याबाई जेथे होत्या तेथेच राहिल्या. सरहद्द मात्र त्यांच्या आणि त्यांच्या माहेराच्या मधून गेली. त्यांची मुले गुजराती शाळांतून शिकली. आमच्या एका आतेभावाची पत्रे अजून घरात आहेत. त्यांतील भाषा मराठी आहे आणि लिपी गुजराती. वडील ती पत्रे आम्हां मुलांना वाचून दाखवीत, आणि वाचता वाचता एखाद्या अक्षराशी अडखळले की चष्मा पुसत. अक्षर लागत नसे की डोळे पाणावत, हे आम्हांस त्या वयात कळले नाही.

हा किनारा तुकड्यांनी पाहण्याचा नाहीच. ह्याचे उत्तम उदाहरण पारशी लोकांचे आहे. इराणातून आलेले त्यांचे पूर्वज संजाणला उतरले. पुढे संजाण पडले तेव्हा त्यांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातील गुहांत नेऊन बारा वर्षे राखला, असे त्यांची परंपरा सांगते. तोच अग्नी नाना ठिकाणी फिरून १७४२ पासून उदवाड्यास आहे. आज संजाण गुजरातेत, बाहरोट महाराष्ट्रात आणि उदवाडे पुन्हा गुजरातेत. एका अग्नीची ही एक कथा, पण सहलीला आलेला मनुष्य तिचे निम्मेच पान वाचून परत फिरतो. जी गोष्ट पारशांची तीच फिरंग्यांची. डहाणूचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. दमण मात्र १९६१ च्या डिसेंबरापर्यंत पोर्तुगिजांकडे राहिले. दोन्ही एकाच दिवसात पाहणारा मनुष्य पाठ्यपुस्तकाची चार प्रकरणे न वाचता शिकून जाईल. "ज्या किनाऱ्याला शासनांनी तोडले त्याला एक नौका पुन्हा जोडू शकेल," हे वाक्य आम्ही इंग्रजीत लिहिले, मोठ्याने वाचून पाहिले, आणि, खोटे कशाला बोलावे, स्वतःवर खूष झालो.

निवेदनावर सह्या घ्यावयाच्या होत्या. त्यासाठी आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. तो झाईचा, मांगेला समाजातील, बी. ए. झाला, काही दिवस मुंबईस नोकरी करून परत आला, आणि आता वडिलांबरोबर समुद्रावर जातो. त्याने चारही पाने शांतपणे वाचली. मग म्हणाला, "सर, फार सुंदर लिहिलेय. पण ह्यात आम्ही कुठे आहोत?"

आम्ही त्यास दुसऱ्या पानावरील 'स्थानिक जनतेस रोजगार' हे शब्द बोटाने दाखविले.

"ते वाचले," तो म्हणाला. "पण ओहोटीला झाईच्या खाडीत आमच्या होड्याच चिखलात बसतात. तिथे मोटारींचे तारू यायचे तर आधी गाळ काढावा लागेल, धक्का बांधावा लागेल. आमच्या होड्या लागतात, जाळी पसरतात, बायका मासळी निवडतात, तीच नेमकी ती जागा. ती गेली की आम्ही कुठे जायचे, ते चारी पानांत नाही. आणि रोजगार म्हणजे काय, सर? बोट आम्ही हाकायची, का बोटीतल्या लोकांना शेंगा विकायच्या?"

त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता. असता तर आम्हांस सोयीचे झाले असते. वर्गात तो मागच्या बाकावर बसे आणि क्वचितच प्रश्न विचारी. आम्ही त्याला बुजरा समजत होतो. "अरे, तुझी सही नको तर नको," असे काहीतरी बोलून आम्ही कागद आवरले. तो जाताना म्हणाला, "सही नाही म्हणत नाही, सर. पण वडिलांना वाचून दाखवता येईल असे लिहा." ह्या वाक्याने आम्हांस आमच्याच वडिलांची आणि त्या पत्रांची आठवण झाली, आणि ती रात्र काही नीट गेली नाही.

त्या विद्यार्थ्याच्या धास्तीला कारण आहे हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरविला. त्याच तालुक्यात वाढवण येथे व्हावयाच्या प्रचंड बंदराचा पाया ३० ऑगस्ट २०२४ रोजी घातला गेला, आणि किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्यास असलेला विरोध सर्वश्रुत आहे. तलासरीची बहुसंख्य वस्ती वारली आणि इतर आदिवासींची. त्यांनीही बाहेरून आलेल्यांच्या 'उत्कर्षा'चा अनुभव पिढ्यानपिढ्या घेतलेला आहे. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे हजारो वारली एकत्र जमून वेठीला नकार देते झाले, तो इतिहास फार जुना नाही. अशा मुलखात कोणी नवीन धक्का बांधू म्हणाला तर 'कोणासाठी?' हा प्रश्न पहिला येणारच. तो आमच्या निवेदनात शेवटचाही आला नव्हता.

दिवाळीच्या सुटीत आम्ही सौभाग्यवतींसह रस्त्याचे दुसरे टोक पाहण्यास गेलो. 'फेरीबोट पाहायला कोणी चारशे-पाचशे मैल जाते का?' असे त्यांनी विचारले. परंतु वाटेत शिरोडे लागते, आणि जेथे वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिक्षकी केली ते गाव पाहण्याची त्यांची जुनी इच्छा असल्यामुळे तडजोड झाली.

रेडीहून दक्षिणेस थोडे गेले की जमिनीवरूनच गोव्याची हद्द लागते. तेरेखोलचा किल्ला नदीच्या ह्या बाजूस, महाराष्ट्राला चिकटून, पण गोव्याचा. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. १९५४ साली सत्याग्रह्यांनी त्यावर तिरंगा लावला. किल्ल्याखाली नदीच्या काठी उतार बांधलेला आहे. तेथून फेरीबोट पलीकडच्या केरीला जाते. गंमत अशी की कायद्याने पाहिले तर ही बोट गोव्याला गोव्याशीच जोडते. पण तिच्यात बसणारा अर्धा लोक रेडी-आरोंद्याकडचा असतो. सरहद्द किल्ल्यामागे डोंगरावर कोठेतरी राहिलेली असते, आणि माणसे तिला विचारीत नाहीत.

त्या उतारावर आम्ही सबंध दुपार बसलो. बोट पलीकडे असली की मोटारी रांगेत उभ्या राहतात. मोटारीतले लोक प्रथम घड्याळ पाहतात, मग दार उघडून बाहेर येतात, मग पाण्याकडे पाहतात. हा तिसरा टप्पा महत्त्वाचा! पुलावरून गेलेल्या मोटारीच्या बाबतीत तो कधीच येत नाही. कोणी किल्ल्यावर जाऊन येतो, कोणी नारळपाणी घेतो, कोणी शेजारच्याला 'कुठले तुम्ही?' म्हणून विचारतो. बोट लागली की आधी पायी माणसे चढतात. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, दप्तरे घेतलेली पोरे. ह्या पायी उतारूंकडून गोवे सरकार एक पैसा घेत नाही. मग दुचाक्या, मग मोटारी. पाच-दहा मिनिटांत पलीकडे. पुण्याची झगझगीत मोटार आणि मासळीची पाटी एकाच लोखंडी फळीवर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या आम्ही पाहिल्या. आणि ज्या मनुष्याने बोट हाकली तो बोट बांधून खाली आल्यावर त्या पाटीवालीशी घरच्या माणसासारखा बोलत होता.

आमच्या मनात एक गोष्ट त्या दुपारी स्पष्ट झाली. फेरीबोटीने प्रवासी वाढतात ते ती वेगाने नेते म्हणून नव्हे, तर ती थांबविते म्हणून. पूल मनुष्याला गावावरून नेतो, फेरी त्याला गावात उतरविते. शिवाय ती आल्या वाटेने परत जाण्याचा कंटाळा चुकविते; सरळ रेषेची सहल तिच्यामुळे वर्तुळाची होते, आणि वर्तुळात मुक्काम जास्त पडतात. दाभोळचे रहस्य हेच आहे. त्या खाड्यांवर आता पूल बांधण्याचे बेत चालले आहेत. ते झाले म्हणजे आजाऱ्याला आणि विद्यार्थ्याला निश्चित सोय होईल, आणि आम्ही त्या सोयीविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही. परंतु धोपाव्याच्या धक्क्यावर मोटार थांबणार नाही, हेही तितकेच खरे. मात्र थांबलेल्या मनुष्याचा लाभ काठावरच्या मनुष्यास व्हावयाचा असेल तर काठ त्याचाच राहिला पाहिजे. तेरेखोलास तो राहिला आहे. आमच्या चार पानांत आम्ही तो परस्पर देऊन टाकला होता.

परत येताना दुसरीही एक शंका बळावली. गुजरातेत घोघा-दहेज ही फेरी ऑक्टोबर २०१७ मध्ये मोठ्या समारंभाने सुरू झाली. पण दहेजच्या धक्क्याशी गाळ साचून पाणी उथळ झाले, आणि अखेर नोव्हेंबर २०२० पासून तीच बोट घोघ्याहून सुरतेजवळच्या हजिऱ्यास जाऊ लागली. तेथे सडकेचे तीनशे सत्तर किलोमीटर समुद्रावरून नव्वदावर येतात, म्हणून ती टिकली. आमचे काय? २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. घोलवडच्या पुढे उंबरगाव रोड स्टेशन. सडक आहे, आगगाडी आहे, अंतर थोडे आहे. वेळ वाचविणारी म्हणून आमची फेरी एक वर्षही चालणार नाही. आणि उथळ खाडीत गाळ काढीत बसण्याचा खर्च कोण करणार? तो इशारा आम्हांस कोणा तज्ज्ञाच्या अहवालात मिळाला नव्हता. मागच्या बाकावरच्या मुलाने तो फुकट दिला होता.

ह्याखेरीज एक अवघड गोष्ट उघड बोलली पाहिजे. दमणला सध्या जी गर्दी लोटते तिला तेथील किल्ले किंवा चर्चे कारण आहेत असा भ्रम कोणी बाळगू नये. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दमणात नाही, हे त्या पर्यटनाचे मोठे मूळ आहे. ती गर्दी बोटीत भरून झाईच्या कोळणींच्या दारात आणून सोडावयाची असेल तर त्याला उत्कर्ष म्हणण्यास आम्ही तयार नाही.

घरी आल्यावर आम्ही निवेदन पुन्हा लिहिले. ह्या वेळी मराठीत, आणि दोन पानांत. त्यात मोटारींची मोठी बोट डहाणूच्या खाडीपुरतीच मागितली आहे, तीही तज्ज्ञांनी पाणी मोजून होय म्हटले तर, आणि कोणाच्या होड्यांची जागा न घेता. झाईला धक्का मागितला नाही. तेथून उंबरगाव-नारगोळकडे पायी उतारूंची आणि सायकलींची लहान नौका असावी, ती भरतीच्या वेळापत्रकाने चालावी, पावसाळ्यात बंद राहावी. बोटीवरचे तांडेल आणि खलाशी ह्याच किनाऱ्याचे असावेत, आणि मासळीच्या पाटीला भाडे नसावे. महाराष्ट्र सागरी मंडळ, गुजरातचे सागरी मंडळ आणि दमणचे प्रशासन अशा तिघांची संमती ह्या एका नौकेस लागेल. तेव्हा तिघांनी मिळून एकच परवाना द्यावा. आणि उतारूंना चिकूच्या वाड्या, बाहरोटच्या गुहा आणि जिव्या सोमा मशे ह्यांच्या गंजाडच्या परिसरातील वारली चित्रकारांची घरे दाखविण्याचे काम त्या त्या गावच्या तरुणांकडे असावे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो जेथे पिकतो तेथेच खावा, हे सांगण्यास परक्या मनुष्याची गरज नाही.

प्रतिष्ठित मंडळींना हे दुसरे निवेदन आवडले नाही. "सर, ह्यात जोर नाही," ते म्हणाले. एकाने तर पहिल्याची प्रत मागितली. ती आम्ही दिली नाही. चार पाने फाडून टाकली असेही सांगवत नाही. ती टेबलाच्या खणात आहेत, आतेभावाच्या पत्रांच्या शेजारी. स्वतःच्या सुंदर वाक्यांचा मोह सुटणे ह्या वयात कठीणच.

गेल्या आठवड्यात आम्ही झाईस गेलो होतो. ओहोटी होती. होड्या चिखलात कलत्या पडल्या होत्या, आणि बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. आमचा विद्यार्थी जाळे शिवीत बसला होता. त्याने हात पुसून दोन पाने घेतली, उभ्याउभ्याच वाचली, आणि एका जागी बोट ठेवून विचारले, "हे पाटीला भाडे नको, हे कुणी सुचवले?"

"तेरेखोलला पाहिले," आम्ही म्हणालो.

तो किंचित हसला. कागदाची घडी घालून त्याने सदऱ्याच्या खिशात ठेवली. "वडील समुद्रावर गेलेत. उद्या भरतीला येतील. त्यांना वाचून दाखवतो, मग सांगतो."

अजून त्याचा निरोप आलेला नाही. आम्हीही स्मरण दिलेले नाही. पहिल्या चार पानांच्या वेळी आम्ही सही मागावयास गेलो होतो. ह्या वेळी वाट पाहत आहोत. काठावर उभ्या असलेल्या मनुष्याने ती पाहावयाचीच असते.